रतीब ॲपच्या आधीच मोडायला लागला होता

दुधाच्या ॲपमुळे पुण्यातले दूधवाले संपले, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गवळ्याची किटली आणि माप मागे पडलं ते कात्रज डेअरी, चितळेंच्या दुधाच्या पिशव्यांमुळे, तेव्हा ॲप कुठे होतं? तरी रतीब टिकला, कारण पेठेतल्या वाड्यात एकदा शिरलं की दूध टाकणारा पोरगा दहा घरं उरकूनच बाहेर पडायचा. आता बाणेरला बारा मजली टॉवर. गेटवर नोंद, लिफ्टची वाट, आणि एवढं करून मजल्यावर दोन दारं. पिशवीमागे कमिशन सुटतं ते किती! घरपोचचे जादा पैसे मागितले की कुरकुरणारे आपणच. पहाटे उठणारी पोरंही मिळत नाहीत. ती आता दहा मिनिटांत किराणा पोचवतात.

आमच्याकडे अजून दूध येतं. कडीला कापडी पिशवी, जादा हवं असेल तर त्यात चिठ्ठी, आणि महिनाअखेरीला कॅलेंडरवरच्या खाड्याच्या फुल्या मोजून हिशेब (त्यावरून थोडी हुज्जत, ती हवीच). ॲपवर आधी पैसे भरा, मग दूध. खाडा आदल्या रात्री कळवायचा राहिला, की पिशवी दारात येऊन पडलीच. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, एवढं मात्र मान्य.