दुधात कोलॅजेन ढवळणाऱ्यांनो, जरा थांबा

तिरकस_तात्या:
परवा एका ताईंनी लिहिलं की चाळिशी उलटली की रोज दहा ग्रॅम कोलॅजेन पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर चेहरा ओघळतो. खाली "ताई, कंपनी कुठली? लिंक द्या ना" म्हणणाऱ्यांची ही रांग. डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कोलॅजेन हे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन आहे. गिळलं की पोटात त्याचे तुकडे पडतात. त्या तुकड्यांवर 'गालाकडे जाणे' असा पत्ता लिहिलेला नसतो, शरीर त्यांना लागेल तिथे वापरतं. २०२५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आलाय. सरसकट बघितलं तर ओलावा, लवचीकता, सुरकुत्या सगळ्यात सुधारणा. ज्यांच्यात कंपन्यांचा पैसा नाही तेवढ्याच चाचण्या वेगळ्या काढल्या, की फरक गायब. बसा आता दूध ढवळत.

माहेरवाशीण:
ती पोस्ट माझी होती. नाव न घेता टोमणे मारायची सवय जुनीच दिसतेय तुमची.

सगळं कोलॅजेन पार विरघळतं हे अर्धसत्य आहे. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन या कोलॅजेनमधल्या दोन अमिनो आम्लांची जोडी न तुटता रक्तात सापडते, ते मोजलेलं आहे. आणि एक सांगा, पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत बाईच्या त्वचेतलं जवळपास तीस टक्के कोलॅजेन जातं, हे माहितेय का? तुमची घसरण सावकाश असते, आमचा कडेलोट होतो. माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. नखं भांडी घासतानासुद्धा तुटायची. आता नाही तुटत. तुमचा आढावा तुमच्यापाशी ठेवा.

तिरकस_तात्या:
जोडी रक्तात सापडली म्हणून सुरकुती गेली असं होत नाही हो ताई. आणि नखांचं म्हणाल तर पावडरीबरोबर खाणंपिणंही सुधारलं असेल, तेही सांगा की.

माहेरवाशीण:
बरोब्बर. बाईला बरं वाटलं की दुसरं काहीतरी कारण असणारच!

त्वचेची_ओपीडी:
दोघेही भांडा, पण मुद्द्यावर. कोलॅजेन नुसतं कमी बनत नाही, ते तोडलंही जातं, आणि तोडणारा मुख्य गुंड म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी त्वचेत असे एन्झाइम जागे होतात जे कोलॅजेनचे धागे कापतात. त्या किरणांतला यूव्हीए हा प्रकार तर काचेतूनही येतो. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकन माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा आजोबांचा, दुसरा अर्धा त्यांच्या मुलाचा वाटावा असा.

ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावी ९०३ लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या पाठीची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली. त्याच चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग दिसला नाही.

आणि नवं कोलॅजेन बनवायचं असेल तर ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीतलं लावायचं औषध. रात्री वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड, तेही डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात अजिबात नाही. पहिले काही आठवडे सालं निघतात, तेव्हाच बरेच पेशंट सोडून देतात. कोलॅजेनवाली क्रीमं मात्र विसरा, एवढा मोठा रेणू कातडीतून आत शिरत नाही.

आळंदीकर:
माझा साधा प्रश्न. शाकाहारी कोलॅजेन कुठलं चांगलं? आमच्या हिला चतुर्थी-एकादशी असते.

कोळीवाडा_कडेचा:
नसतं. कोलॅजेन फक्त प्राण्यांत असतं. डब्यावर 'मरीन' असेल तर माशाची कातडी-खवले, 'बोव्हाइन' असेल तर गुरांचं कातडं. 'व्हीगन' म्हणून विकतात त्यात अमिनो आम्लं आणि क जीवनसत्त्व असतं, कोलॅजेन नाही. वहिनींना आवळा द्या. कोलॅजेनची वीण घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागतंच.

आता माझं दुखणं. आमच्या सोसायटीत मी बोंबील तळले की ग्रुपवर एका ताईंची तक्रार: 'जिन्यात वास येतोय, संस्कार आहेत की नाही?' त्याच ताई सकाळी कॉफीत मरीन कोलॅजेन ढवळतात! माशाची कातडी चालते, मासा नाही?

आळंदीकर:
विषय कुठे नेताय? न कळता पोटात जाणं वेगळं आणि जिन्यात वास सोडणं वेगळं.

कोळीवाडा_कडेचा:
वा. न कळता! डब्यावर छापलेलं असतं हो साहेब, वाचायचं असतं. आणि जिलेटिनच्या कॅप्सूल गिळता ना? जिलेटिन म्हणजे उकळलेलं कोलॅजेनच, हाडांचं-कातडीचं.

आळंदीकर:
औषधाला सूट असते. शास्त्रात आहे.

कोळीवाडा_कडेचा:
कुठल्या? आणि सुरकुत्या हा आजार कधीपासून झाला?

डोंबिवली_फास्ट:
आमच्या बिल्डिंगीत तर भाडेकरूंना आधी 'नॉनव्हेज खाता का' विचारतात. मी खरं सांगितलं म्हणून फ्लॅट गेला. नंतर त्याच मालकाची मुलगी पायाचं सूप नेताना लिफ्टमध्ये भेटली, गुडघ्यासाठी म्हणे.

आळंदीकर:
ज्याचं घर त्याचा नियम. सगळ्याला राजकारण कशाला जोडता? मी फक्त बायकोसाठी विचारलं होतं.

कोळीवाडा_कडेचा:
आणि मी फक्त उत्तर दिलं. झोंबलं ते तुम्हाला.

स्कूटीवाली:
मंडळी, मूळ मुद्दा कुठे गेला? पुण्यात आम्ही पोरी स्कार्फ, हातमोजे, सनकोट घालून निघालो की 'दरोडेखोर आल्या' म्हणून हसायचे सगळे. ओपीडीवाले डॉक्टर, एक विचारते: स्कार्फ असला तरी सनस्क्रीन लागतंच का?

त्वचेची_ओपीडी:
घट्ट विणीचा असेल तर झाकलेल्या भागाला बरंच संरक्षण मिळतं. डोळ्यांभोवती उघडं राहतं, तिथे लावा. चेहऱ्याला दोन बोटांच्या लांबीइतकं, टिकलीएवढं नाही. घाम आला की पुन्हा.

माहेरवाशीण:
घ्या, आज सनस्क्रीन आणलं. तात्यांनी सांगितलं म्हणून नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. पावडरीचा डबा मात्र संपेपर्यंत घेणार आहे. पैसे माझे आहेत.

तिरकस_तात्या:
घ्या की. तेवढंच प्रथिन पोटात जाईल, अपाय नाही. पाळीनंतरच्या तीस टक्क्यांचं मात्र खरंच माहीत नव्हतं, तेवढं तुमचं. आता सोसायटीवाल्यांनी आपला धागा वेगळा काढावा.

कोळीवाडा_कडेचा:
काढतो. शीर्षक: 'बोंबील नको, खवले चालतील'. आळंदीकर, याल ना?