अनुभव धागा : दरड आली आणि गाडी थांबली

कातळसडा
काल आईला आणायला रत्नागिरी स्टेशनवर गेलो होतो. गाडी पाऊण तास उशिरा. बाकावर शेजारी एक आजोबा पायांशी फणस ठेवून बसले होते. पावसाची जोराची सर आली तसे म्हणाले, "वरची माती जागची हलली नाय म्हणजे मिळवली." तेवढ्यावरून १४ जुलै २०२४ ची रात्र लख्ख आठवली.

रविवार होता. संध्याकाळी कोकण रेल्वेवर, दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी माती रुळांवर आली आणि मुंबईकडे निघालेली आमची गाडी चिपळूणला उभी राहिली. सोबत मुलगी. सोमवारी तिच्या कॉलेजप्रवेशाचा शेवटचा दिवस, मूळ कागदपत्रं तिच्याच सॅकमध्ये. आधी कळलं अर्धा तास, मग दोन तास, मग कोणी काही सांगेना. सांगणार तरी काय, वरून माती यायची थांबतच नव्हती. शेवटी एसटीच्या गाड्या लागल्या. प्लॅटफॉर्मवरून बसपर्यंत जाईस्तो आम्ही नखशिखान्त भिजलो.

परशुराम घाट चढताना तिनं सॅक उघडली. फाईलमध्ये पाणी शिरलेलं, दहावीच्या दाखल्याची एक कडा पिठासारखी झालेली. पोरगी रडली नाही. एकेक कागद सोडवून ओढणीच्या कोरड्या टोकानं टिपत, मांडीवर पसरत बसली. पुढच्या सीटवरच्या मावशींनी न बोलता आपला टॉवेल मागे दिला. पनवेलला उजाडलं. कॉलेजातल्या बाईंनी तो दाखला दोन बोटांनी अलगद उचलला, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. त्या मावशींचा टॉवेल अजून आमच्याकडेच आहे.

अशी रात्र कोणाकोणाच्या वाट्याला आली? लिहा.

सुरंगी
काका, मी त्याच रात्री खेडला होते. दीड वर्षाचा मुलगा, दूध संपलेलं. स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्या दादांनी चहाचं दूध काढून वेगळं उकळून दिलं, पैसे घेतले नाहीत. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

तिरफळ
आमच्या आजयेक मुंबय म्हणजे एसटीची आख्खी रात आणि ओकाऱ्यो. २६ जानेवारी १९९८ पासून सगळो मार्ग सुरू झालो, तेवा ती कुडाळाक मुद्दाम गाडी बगूक गेली आणि इंजिनाक हात जोडून इली. मागे एकदा कणकवलेक गाडी चार तास उबी रवली. म्होरं खंयतरी माती इली होती. मी कावलंय, तर आजी म्हणता कशी, "रवांदे रे, डोंगर फोडून येता ती. दमली आसतली."

गणपतीची तिकिटां गावली काय कोणाक? आमचो वेटिंग १४० वर अडकलो हा.

देवरुखी
तिरफळ, आमच्या गाडीत एक जागा आहे, ठाण्याहून पहाटे निघणार. व्यनि (खाजगी निरोप) करा.

बिमली
माझं माहेर वैभववाडीकडचं. २२ जून २००३ ची रात्र आमच्या गावात अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही. कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी कटिंगमध्ये (डोंगर कापून रुळांसाठी केलेल्या वाटेत) घसरून आलेल्या दगडमातीवर आदळली. ५० हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा अकरावीत. वडील आणि काका बॅटऱ्या, चादरी, घरातली दोरी घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. वडिलांनी न्हाणीघरात तासभर पाणी घेतलं. आईनं जेवायला वाढलं, ते ताटावरून उठले. चादरी परत आल्या नाहीत, आईनं विचारलंही नाही.

पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. दगडांवर आदळून डबे पुलावरून खाली गेले. त्यानंतर कटिंगांना जाळ्या लागल्या, उतार छाटून मंद केले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला. म्हणून पावसाळी वेळापत्रकावर कोणी वैतागलं की मला फार लागतं. दीड तास उशिरा पोचा, पण पोचा.

सुरंगी
बिमलीताई 🙏 वाचून हात थांबला.

रातराणी
मी हे आत्ता गाडीतूनच वाचतेय. खेड सुटलं, बाहेर धो धो. बिमलीताईंचं वाचल्यावर खिडकीबाहेरच्या जाळ्या मोजत बसलेय. सावंतवाडीला जातेय, रेंज येते-जाते.

कोकमसरी
माझा अनुभव बोगद्याचा. जुलै २०२४ मध्येच, दिवाणखवटीच्या चार-पाच दिवस आधी, पेडण्याच्या मालपे बोगद्यात पाणी आणि चिखल यायला लागला. आमची गाडी मुंबईहून निघालेली. मला उतरायचं होतं कुडाळला. जाग आली ती गारठ्यानं, बाहेर पाटी लोणावळा! पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घालून मडगावला उतरलो. तिथून पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी करत बसनं उलटा कुडाळला. घरी वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. पोचलो तेव्हा पानं उठली होती. भावानं माझ्यासाठी पिंडाचा भात झाकून ठेवला होता. म्हणाला, काकस्पर्श व्हायचाय अजून, तूच ठेव. संध्याकाळी ठेवला. कावळा लगेच आला.

मार्ग एकेरी आहे, दुपदरी झालाय तो फक्त रोहा ते वीर. त्यामुळे एका जागी चिखल आला की सगळी माळ अडते. शेजारून काढायला दुसरा रूळच नाही.

पागोळी
माझे बाबा पावसाळी गस्तीवर होते, बरीच वर्षं निवसरच्या पट्ट्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जोराचा पाऊस लागला की अजूनही रात्री उठून पडवीत बसतात.

तिथली जमीनच तशी. वर जांभा, त्याच्या खाली पांढरट-पिवळी चिकणमाती. जांभा चाळणीसारखा, पाणी आत सोडतो. खालची माती ते धरून ठेवते आणि लोण्यासारखी होते. मग वरचा भार सरकतो, नाहीतर रूळच खाली बसतो. निवसरला रूळ असे बसायचे की आज भर घातली, उद्या परत तेच.

बाबांकडे टॉर्च, लाल-हिरवी झेंडी, शिट्टी, फटाक्यांचा डबा. लहानपणी मला वाटायचं फटाके दिवाळीचे! रूळ धोक्यात दिसला की ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. इंजिन त्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. हद्दीच्या टोकाला समोरून दुसरा गस्तीवाला यायचा, दोघं वह्या बदलायचे आणि परत फिरायचे.

मी एकदा विचारलं, अंधारात दरड येणार हे कळतं कसं? म्हणाले, नाल्याकडे बघायचं. पाणी एकदम लालगढूळ झालं तर वर काहीतरी सुटलंय. आणि भर पावसात वाहता नाला अचानक आटला तर जास्त भ्यायचं, कारण पाणी वर कुठेतरी तुंबलंय. कालपर्यंत सरळ असलेला खांब कलला तर तिथून हलायचंच नाही. एका रात्री त्यांनी असा आटलेला नाला बघून गाडी थांबवायला लावली. वीस मिनिटांनी माती आली. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाले, "आज पायात जळू चावली." बाकीचं आईला दुसऱ्यांकडून कळलं.

कातळसडा
पागोळीताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

देवरुखी
जळवांना तंबाखूचं पाणी लावायचं. आमच्याकडे गुडघ्यापर्यंत लावूनच लावणीला उतरतात.

तिरफळ
तंबाखू नको, मीठच बरा. देवरुखी, व्यनि केलंय. दोन जागा गावतीत काय? आजी पण येतली.

देवरुखी
आजींसाठी पुढची सीट. मुलगा मागे बसेल.

चिंचगुळी
चिपळूणहून. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पुलाच्या धोक्याच्या खुणेवर गेलं म्हणून चिपळूण-कामथेमध्ये गाड्या बंद झाल्या. सासूबाई गाडीत, रत्नागिरीला अडकलेल्या. आम्ही त्यांच्या काळजीत, आणि पहाटे पाणी आमच्याच घरात. माळ्यावर सहा माणसं, एक मांजर, फरसाणाचा डबा. फोन बंद पडायच्या आधी त्यांचा शेवटचा निरोप आला, "मी कोरडी आहे, मला चहा मिळाला, तुम्ही वर चढा." तीन दिवसांनी आल्या त्या येताना दोन घागरी आणि फिनेल घेऊन. दारातून आत यायच्या आधी पदर खोचला आणि चिखल उपसायला लागल्या. मांजर मजेत आहे, कोणी विचारायच्या आधीच सांगते.

सुरंगी
मी विचारणारच होते 😊 मुलगा आता त्या टपरीवाल्या दादांना 'दूधमामा' म्हणतो. दरवर्षी जाताना डब्याच्या दारातून हात करतो.

पागोळी
कातळसडा दादा, नमस्कार सांगितला. पडवीतच आहेत. म्हणाले, त्या पोरीला प्रवेश मिळाला का ते विचार.

कातळसडा
मिळाला. सिव्हिल इंजिनीअरिंग करतेय. त्यांना सांगा, नाल्याचं तुम्ही लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

रातराणी
उक्शी सुटलं. गाडी अगदी हळू चाललीय. आत्ता कटिंगच्या कडेला पिवळा रेनकोट घातलेले एक जण उभे होते, हातात टॉर्च. मी काचेला हात लावला. त्यांना दिसला की नाही माहीत नाही. त्यांचा टॉर्च नाल्यावर होता. आता करबुडे येईल, साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रेंज जाईल.

पागोळी
नाल्यावर होता ना, बास. जा नीट. भोके आलं की लिहा.