मदत हवी आहे : तुरीच्या डाळ मिलचं खेळतं भांडवल आराखड्यात कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातले (जि. यवतमाळ) आम्ही काही शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढतो आहोत. किमान 10 सभासद आणि 5 संचालक ही अट पूर्ण झाली, नोंदणीचे कागद जमवणं चालू आहे. गावात मिनी डाळ मिल टाकायची आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली. तूर आमच्याच वावरात पिकते. ती मार्केटला विकायची आणि घरच्या वरणाची डाळ किराणा दुकानातून आणायची, हे मला फार लागतं.

बँकेसाठी प्रकल्प अहवाल एकाकडून करून घेतला. त्यात मिल वर्षाला 300 दिवस, रोज 8 तास चालते असं धरलं आहे. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवल्याशिवाय टरफल नीट सुटत नाही. मग भर पावसाळ्यात, ड्रायर नसताना, मिल चालणार कशी? असा अहवाल बँकेत चालेलही, पण हप्ते आम्हाला भरायचे आहेत. म्हणून आराखडा मीच लिहायला घेतला.

अडले आहे ते खेळत्या भांडवलावर. पहिल्या वर्षी 500 क्विंटल तूर घ्यायची म्हटली तर 2025-26 च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला 8000 रुपयांनी, नुसत्या मालातच 40 लाख अडकतात. एवढी तर मशीनची किंमतही नाही! माल येणार हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत, डाळ विकली जाणार वर्षभर, त्यात दुकानदार उधारी मागणार. डाळीचा उतारा 100 किलोला 70 ते 75 किलो धरला आहे, चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफल ढोरांसाठी गावातच खपेल.

सगळा माल हंगामातच घ्यावा की टप्प्याटप्प्याने? केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचं (पीएमएफएमई) 35 टक्के अनुदान पहिल्या वर्षाच्या जमेत धरावं का? ज्यांनी गावात मिल चालवली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, पावसाळ्याचं तुम्ही बरोबर पकडलं. आमची मिल बाळापूरकडे आहे, त्यावरून सांगतो.

अनुदान जमेत धरू नका. ते बँकेत तुमच्या कर्जखात्याशी जोडून 3 वर्षं राहतं, कर्ज नियमित फेडलं तर कर्जात वळतं होतं. तूर घ्यायला त्यातला पैसा मिळत नाही.

पहिल्या वर्षी स्वतःची खरेदी कमी ठेवा आणि गावकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्या. त्यात भांडवल अडकत नाही, वीज आणि मजुरांचा खर्च निघतो, शिवाय मशीनवर हात बसतो. तुरीसोबत फेब्रुवारी-मार्चचा हरभरा धरा, पाऊस उघडल्यावर मूग-उडीद. महिन्यांचा तक्ता करा आणि जुलै-ऑगस्टचे रकाने कोरे दाखवायला भिऊ नका.

उरलेल्या तुरीसाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा. शेतकऱ्याला मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. ती व्यापाऱ्याला किंवा कंपनीला नाही, शेतकऱ्याला आहे. म्हणून सभासदांनी आपापली तूर तारण ठेवायची, त्यांची नड भागते. कंपनीने लागेल तसा एकेकाचा माल सोडवून घ्यायचा. दर कोणत्या दिवसाचा, व्याज कोणी भरायचं, हे सभासदांच्या बैठकीत आधीच लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

धागाकर्ती :

दादा, मनापासून आभार. तारणाचं असं डोक्यातच आलं नव्हतं. आता तक्ता नव्याने करते, 150 क्विंटल स्वतःची खरेदी आणि बाकी मजुरी. अजून एक सांगा, मजुरीचा दर क्विंटलवर घेता की काही जण चुनीच ठेवून घेतात तसं? आमच्याकडे बाया चुनी सोडायला तयार होणार नाहीत, घरोघरी म्हशी आहेत.