मदत हवी आहे: पुष्पप्रदर्शनाच्या फोटोंसाठी स्क्रॅपबुकची मांडणी

नमस्कार.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जे पुष्पप्रदर्शन भरते, त्याला या जानेवारीत मी सासूबाईंना घेऊन गेले होते. श्रावणात त्यांना पंचाहत्तरावे वर्ष लागेल, त्या निमित्ताने त्या दिवसाच्या फोटोंचे स्क्रॅपबुक हाताने करून द्यावे असा माझा विचार आहे. १२ बाय १२ इंचांची कोरी वही आणली आहे, पाने जाड कार्डशीटची आणि फिकट बदामी रंगाची आहेत. फोनमध्ये एकूण २३० फोटो होते. त्यांतून एकसारखे आणि हललेले वगळून ७० उरवले, आणि गाडी तिथेच अडली आहे.

पहिली अडचण अशी की फुलांचे फोटो एकमेकांना सांभाळून घेत नाहीत. डेलिया, जरबेरा, पिटुनिया आणि साल्व्हिया एका पानावर आले की प्रत्येक फोटो आपल्याकडेच पाहा म्हणून हट्ट धरतो, आणि पान एखाद्या साडीच्या दुकानातील काचेच्या कपाटासारखे दिसू लागते. पहिल्या प्रयत्नात मी फुलाफुलांच्या नक्षीचा कागद मागे लावला होता; त्यावर शेवंतीचा फोटो ठेवल्यावर खरी शेवंती कोणती आणि छापील कोणती, हे मलाच दोनदा पाहावे लागले. रंगांप्रमाणे पाने करावीत, की फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आम्ही जसे फिरलो त्या क्रमाने, हेही ठरत नाही. रंगांप्रमाणे लावले तर पान देखणे होते, पण मग बोन्सायपाशी आम्ही अर्धा तास का रेंगाळलो आणि इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, टेबलांपाशी सासूबाई एकदम गप्प का झाल्या, हे सारे विस्कटून जाते.

दुसरी अडचण मापांची. ४ बाय ६ चे तीन उभे फोटो शेजारी शेजारी ठेवले की १२ इंच भरतात आणि मध्ये फट सोडायला जागाच उरत नाही. शिवाय फोनचा फोटो ४ बाय ६ मध्ये छापला की कडेचा काही भाग कापला जातो; एका सुंदर ग्लॅडिओलसचा शेंडाच त्यात गेला.

तिसरी अडचण रंगांची. काही दालनांवर हिरवी शेडनेट होती. तिच्याखाली काढलेल्या फोटोंतील पांढरी शेवंती हिरवट दिसते, तर लाल गुलाबांच्या पाकळ्या वेगळ्या दिसतच नाहीत, नुसता लाल गोळा दिसतो.

एक वस्तू मात्र मला पुस्तकात हवीच आहे. सासूबाईंनी पर्समधल्या जुन्या वीजबिलाच्या पाठीमागे फुलांची नावे टिपून घेतली होती. त्यात पॅन्सीपुढे ‘मांजरीचे तोंड’ आणि अँथुरियमपुढे ‘प्लास्टिकचे वाटते, नाही’ असे लिहिले आहे. हा कागद कसा लावावा? त्याचबरोबर त्यांच्या केसांतून पडलेली अबोलीची चार फुले मी एका कादंबरीत दाबून ठेवली आहेत, तीही पानावर चिकटवावीत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. संगणकावर पाने जुळवण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण हे पुस्तक मला हातानेच करायचे आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी मापांचे पाहू. फोनचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ या प्रमाणात, त्यामुळे सुमारे नववा हिस्सा कापला जाणारच. पूर्ण फोटो हवा असेल तर स्टुडिओत ६ बाय ८ मागावा. हे माप ४:३ मध्ये चपखल बसते. तीन फोटो एका ओळीत हवेच असतील तर प्रत्येकाची रुंदी साडेतीन इंच ठेवावी. दोन्ही कडांना अर्धा इंच आणि मधल्या दोन फटींना पाव इंच सोडला की बरोबर १२ इंच होतात.

हिरवट छटा फोनमधील व्हाइट बॅलन्सने, म्हणजे टिंट किंचित गुलाबीकडे सरकवून, बरीच काढता येते. लाल गुलाबाचा भडकपणा म्हणजे सॅच्युरेशन कमी करून पाहावे; तरीही पाकळ्या सुट्या होत नसतील तर तो फोटो सरळ वगळावा, कारण जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो छपाईत कुठून येणार? कागद मॅट घ्यावा. ग्लॉसी कागदावर दिव्याची चमक पडते आणि बोटांचे ठसेही उठतात. वृद्ध माणूस पुस्तक मांडीवर घेऊन दिव्याखालीच पाहणार, हे ध्यानात घ्यावे.

अबोलीची फुले पानावर चिकटवू नयेत. मी एका वर्षी गजऱ्यातील मोगरा असाच लावला होता. पावसाळ्यात त्याने ओल धरली आणि समोरच्या पानावरील फोटोवर तपकिरी डाग उमटला. फुले टीपकागदात, वर वजन ठेवून, दोन-तीन आठवडे पूर्ण वाळवावीत, आणि मग पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात घालून शेवटच्या पानाला जोडावीत. फोटोंसाठी पांढरा पातळ गोंद टाळावा, त्यातील पाण्याने कागद सुरकुततो. साधी चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडते. जुन्या काळ्या पानांच्या अल्बमांत असत तसे फोटोचे कोपरे, आम्लरहित कागदाचे, अजूनही मिळतात, तेच उत्तम. रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात विचारून पाहावे.

प्रतिसाद २

वरील सूचना योग्यच आहेत, पण मूळ प्रश्न मांडणीचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच लिखाणात आहे असे मला वाटते. सासूबाई जिथे गप्प झाल्या, त्या इकेबानाकडेच पाहावे.

इकेबानाच्या सोगेत्सु पद्धतीत मुख्य फांद्या तीन असतात. सर्वांत उंच फांदीची लांबी भांड्याच्या मापावरून ठरते, दुसरी तिच्या पाऊणपट, आणि तिसरी दुसरीच्या पाऊणपट किंवा त्याहून आखूड असते. हेच फोटोंना लावून पाहावे. समोरासमोरची दोन पाने मिळून २४ बाय १२ इंचांचे एकच भांडे मानावे आणि त्यावर तीनच फोटो ठेवावेत: पहिला ८ इंच लांबीचा, दुसरा ६ इंच, तिसरा ४ इंच. मोठा फोटो मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवावा, आणि उरलेली जागा रिकामीच राहू द्यावी. नवशिक्याला तिथेच एखादे फुलपाखरू चिकटवण्याचा मोह होतो. ६ बाय ८ च्या एका कागदावर मधला फोटो ६ बाय साडेचार आणि लहान फोटो ४ बाय ३ असे दोन्ही छापून घेता येतात, म्हणजे पैसेही वाचतात.

रंग की क्रम, या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्टपणे क्रमाच्या बाजूने आहे. रंगाचा तोल प्रत्येक जोडपानात स्वतंत्र साधावा: मोठा फोटो फुलाचा असेल तर लहान दोन्ही फुलांचे नसावेत. एक हाताचा, पाटीचा किंवा कुंड्यांच्या ओळीचा असावा आणि एक सासूबाईंचा. मागे करडा किंवा गर्द हिरवा साधा कागद लावावा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतील कागद मी वापरला आहे. त्याचा खरखरीत पोत फुलांच्या फोटोंशी भांडत नाही. या हिशेबाने ७० फोटोंना तेवीस-चोवीस जोडपाने लागतील, ती फारच झाली. बारा जोडपाने आणि ३६ फोटो पुरेत.

वीजबिल मूळ स्वरूपात लावू नये, असे बिल बहुधा हलक्या कागदावर असते आणि त्याच्या पाठीवरील शाई पुसट होते. त्याची रंगीत झेरॉक्स काढून प्रत्येक फुलाच्या फोटोखाली त्या त्या नावाची पट्टी कापून लावावी, आपण वेगळे काही लिहूच नये.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री इकेबानाचे जोडपान नुसतेच, काही न चिकटवता, जुळवून पाहिले. ८ इंची फोटोत एक वाकडी सुकी फांदी आणि तिच्या बुंध्याशी दोन पिवळ्या शेवंत्या आहेत. ६ इंची फोटोत टेबलाच्या कडेवर टेकलेला सासूबाईंचा हात आहे, जो मी कोपर मध्ये आले म्हणून आधी वगळला होता. डावीकडचे जवळजवळ अर्धे पान रिकामे राहते. मुलगी म्हणाली की इथे काहीतरी लावायचे राहिले आहे, तरीही मी ते तसेच ठेवले आहे.

बिलाच्या पट्ट्या कापताना एक शंका आली. ‘प्लास्टिकचे वाटते, नाही’ यातील ‘नाही’ दुसऱ्या ओळीत गेले आहे. ते कापून वरच्या ओळीला जोडावे, की दोन ओळींची उंच पट्टी तशीच लावावी?

प्रतिसाद २

तशीच लावावी.