ओटा फिरवतोय, सोबत गॅस गीझर: पीएनजी लाइनबद्दल प्रश्न

फ्लॅट_४०३
पुण्यात रिसेलचा टू बीएचके घेतलाय. पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक गॅस) आधीपासून आहे, मीटर ड्राय बाल्कनीत. नवीन प्लॅनमध्ये ओटा समोरच्या भिंतीला जातोय, म्हणजे मीटरपासून हॉबपर्यंत (ओट्यात बसवायची शेगडी) साधारण पाच मीटर, आणि वाटेत ड्राय बाल्कनीचं दार. शिवाय बाथरूमसाठी ६ लिटरचा इन्स्टंट गॅस गीझर घ्यायचाय. कंत्राटदार म्हणतो की त्याचा प्लंबर भिंतीत खाच मारून कॉपरचा पाइप आत घेईल, वरून टाइल, काही दिसणार नाही. हे चालतं का? एका मीटरवर दोन्ही चालतील का? चार बर्नरचा हॉब आधीच घेतलाय, खोक्यावर एलपीजी लिहिलंय.

नळजोड
खाच मारू देऊ नका. मीटर आणि मीटरपर्यंतची लाइन गॅस कंपनीची असते, आणि पुढची लाइनसुद्धा त्यांच्या मान्यताप्राप्त माणसानेच हलवायची असते. प्लंबर कितीही चांगला असो, पाण्याचा जॉइंट आणि गॅसचा जॉइंट यांत फरक आहे. पाणी गळलं तर डाग दिसतो. गॅस टाइलमागे गळला तर तो खाचेतून, इलेक्ट्रिकच्या कंड्युटमधून वाट काढत भलत्याच खोलीत निघतो. दुसरं म्हणजे टाइल बसल्यावर मिस्त्री सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतात. ते सांध्यातून आत मुरलं की कॉपर हिरवं पडून खात जातं. आणि दोन वर्षांनी कोणीतरी मसाल्याचं रॅक लावायला नेमकं तिथेच ड्रिल घालतं.

लाइन उघडी, भिंतीवरून घ्या. दार आडवं येतंय तर चौकटीच्या वरून न्यायची. उंबऱ्याखालून किंवा कोब्यातून अजिबात नाही. जिथे भिंत पार करायची तिथे स्लीव्ह (पाइपभोवती मोठी नळी) घालून, आणि स्लीव्हच्या आत जॉइंट नको. दीड-दोन फुटांवर क्लॅम्प. स्विचबोर्ड आणि सॉकेटपासून किमान एक फूट लांब. फॉल्स सीलिंगच्या वरूनही नको; पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर वर साचतो, आणि बंद सीलिंग म्हणजे त्याला आयती जागा. दिसायला वाईट वाटत असेल तर भिंतीच्या रंगाचा ऑइलपेंट मारा, पण टेस्टिंग झाल्यावर. आधी रंग मारला तर सुईएवढी गळती रंगाने तात्पुरती बुजते.

कामाचा क्रम महत्त्वाचा. तोडफोड सुरू होण्याआधी कंपनीकडे अर्ज करून मीटरच्या पुढची लाइन सोडवून प्लग मारून घ्या. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, मजूर पाइपला धरून शिडी चढतात. मग टाइल्स आणि ग्रॅनाइट, त्यानंतर लाइन, आणि ट्रॉल्या सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. ट्रॉली आधी बसते आणि गॅसचा माणूस ड्रॉवर काढून, आडवं झोपून जॉइंट मारतो.

वातावरण_२१
मीटरचा हिशेब सोपा आहे. घरगुती मीटर सहसा जी १.६ असतो (डायलजवळ लिहिलेलं असतं), त्याची क्षमता ताशी २.५ घनमीटर. ६ लिटरचा गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो असं धरलं तर ताशी ९,००० किलोकॅलरी. कार्यक्षमता ८५ टक्के धरा, म्हणजे गॅसमधून साधारण १०,६०० लागतील. एक घनमीटर पीएनजीत अंदाजे ८,५०० किलोकॅलरी, म्हणजे गीझरला ताशी सव्वा घनमीटर. हॉबचे चारही बर्नर फुल असले तर आणखी ०.८ च्या आसपास. बेरीज दोनच्या थोडी वर, मीटर पुरतो. उद्या दुसऱ्या बाथरूमसाठी दुसरा गीझर जोडलात तर मात्र नाही.

पाइप मात्र बघा. मीटरनंतर दाब २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या उंचीत जेमतेम २१४ मिलिमीटर. १२ मिमीच्या कॉपरमधून ताशी २ घनमीटर वाहिला तर दर मीटर लांबीला जवळजवळ अर्धा मिलिबार जातो, आणि प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) म्हणजे आणखी फूटभर पाइप. गीझर सुरू झाला की हॉबची ज्योत बसते, ती यामुळे. म्हणून टी (दोन फाटे काढणारा जोड) हॉबजवळ न काढता मीटरच्या लगेच पुढे, ड्राय बाल्कनीतच काढायला सांगा. मग हॉबच्या लांब फाट्यातून फक्त हॉबचा गॅस जातो आणि तिथे १२ मिमी आरामात पुरतो. दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र व्हॉल्व्ह हवेत.

आता गीझर. तो बाथरूममध्ये लावायचा नाही. छोटा एक्झॉस्ट फॅन आहे म्हणूनही नाही. एक घनमीटर गॅस जळायला दहा घनमीटरच्या आसपास हवा लागते. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे साडेपाच घनमीटरही नाही. गीझर सलग चालला तर अर्ध्या तासाच्या आत तेवढ्या हवेचा चट्टामट्टा. पण त्याच्या कितीतरी आधी वापरलेलीच हवा बर्नरकडे परत जाऊ लागते, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा वास गळतीसाठी असतो, या धुरासाठी नाही.

फ्लॅट_४०३
गीझर ड्राय बाल्कनीत चालेल ना? तिथे स्लायडिंग खिडक्या लावायचा विचार आहे, पाऊस आत येतो म्हणून.

वातावरण_२१
उघडी असेल तर उत्तम जागा. खिडक्या लावणार असाल तर वरचा फूटभर पट्टा जाळीचा, कायम उघडा ठेवा, खालीही हवा यायला वाट हवी. आणि किचनची चिमणी विसरू नका. चिमण्या ताशी हजार-बाराशे घनमीटर हवा ओढतात. किचनच्या खिडक्या बंद, ड्राय बाल्कनीचं दार उघडं, चिमणी फुलवर आणि आत कोणी आंघोळ करतंय, अशा वेळी गीझरचा धूर बाहेर जायचा सोडून थेट स्वयंपाकघरात येतो. किचनची एखादी खिडकी उघडी असलीच पाहिजे. गीझरच्या वर कपडे वाळत घालायची दोरीही नको.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाब आधी तपासा. टाकीचं पाणी आणि गीझर यांत दोन-तीन मीटरचाच फरक असेल तर गीझरमधला पाण्याचा डायफ्राम (पाण्याच्या दाबाने सरकणारा रबरी पडदा) पूर्ण दाबला जात नाही आणि गीझर पेटतच नाही. लोक मग सेल बदलत बसतात.

सिमवर_विझते
हॉबचं सांगतो. एलपीजीचा दाब जास्त (३० मिलिबारच्या आसपास) आणि त्यात उष्णताही जास्त, त्यामुळे त्याचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी भोकं) बारीक. त्याच जेटवर पीएनजी दिला तर ज्योत मरतुकडी. घरी येणारा माणूस बहुधा हातड्रिलने जेट मोठे करतो. चालतं, पण भोक तिरकं झालं की ज्योत एका बाजूला झुकते आणि भांड्याला काजळी धरते. हॉबच्या कंपनीकडून नॅचरल गॅसचे तयार जेट मागवा, महाग नसतात. सोबत प्रत्येक नॉबखालचा बायपास स्क्रूही (सिमवरचा गॅस ठरवणारा) थोडा उघडून घ्या. तो राहिला तर फुलवर सगळं ठीक दिसतं आणि सिमवर केलं की दूध तापायच्या आधी बर्नर विझतो. गीझरच्या बाबतीत ही खटपट नको, थेट पीएनजी मॉडेलच घ्या.

हॉबला स्टीलची जाळी असलेला रबर होज, दीड मीटरच्या आत, वर छापलेली तारीख बघून. पाच वर्षांनी बदलायचा. ट्रॉलीच्या लाकडातून तो जातो तिथे भोकाला रबरी बुश हवा, नाहीतर प्लायची कडा होज कापते. व्हॉल्व्ह ड्रॉवर न काढता हाताला लागला पाहिजे.

नळजोड
काम संपल्यावर माणूस जायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. कपभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण, ब्रशने प्रत्येक जॉइंटला, भिंतीकडच्या बाजूलासुद्धा. बुडबुडा वाढताना दिसला की तो जॉइंट परत. काडी लावून बघणारा असेल तर त्याला घरी पाठवा. मग सगळे नॉब बंद, व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवून मीटरचे शेवटचे लाल आकडे मोबाइलवर टिपा. अर्ध्या तासाने एकही लिटर पुढे सरकलेला नको. फार बारीक गळती मीटरला कळत नाही, म्हणून साबण आधी.

बंगला_सातारा_रोड
आमच्याकडे पीएनजी नाही. दोन सिलिंडर बाहेर ठेवून आत कॉपर घ्यायचं असेल तर वरचंच सगळं लागू?

नळजोड
उघडी लाइन, स्लीव्ह, साबण हे सगळं तसंच. हवेशीर जागेचा नियम मात्र उलटा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली बसतो आणि उतारावरून वाहतो. सिलिंडर उभे, जमिनीच्या पातळीवर किंवा वर, बेसमेंटमध्ये नाही. जवळ ड्रेनेजचं चेंबर, नाला किंवा तळघराची खिडकी नको. कपाटात ठेवणार असाल तर हवा जायच्या जाळ्या अगदी तळाला. आणि शेगडीजवळ आत एक वेगळा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर रोज रात्री बाहेर जाऊन रेग्युलेटर बंद करावा लागेल आणि तो कोणी करत नाही. गळतीच्या तक्रारीसाठी एलपीजीचा नंबर १९०६. पीएनजीवाल्यांनी मीटरवर चिकटवलेला त्यांच्या कंपनीचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करावा, टाइल्सवाले तो स्टिकर खरवडून काढतात.