हत्तीरोगाचं औषध रानात शोधायचं की नाही?

वैनगंगाकाठ:
परवा गावात हत्तीरोगाच्या गोळ्यांची फेरी झाली आणि त्याच रात्री आत्याला हुडहुडी भरली. उजवा पाय लालबुंद, हात लावू देईना. बावीस वर्षं ती हा पाय ओढते आहे. चप्पल चढत नाही म्हणून पट्टा कापून सुतळीने बांधते. गोळ्या एकदाही चुकवलेल्या नाहीत.

मी वाचायला बसले. फेरीतल्या गोळ्यांपैकी डीईसी हे औषध 1947 सालचं. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन दोन्ही आधी जनावरांच्या जंतांसाठी आली, माणसांपर्यंत नंतर पोचली. म्हणजे हत्तीरोग झालेल्या माणसासाठी म्हणून कुणी मुद्दाम बसून काय शोधलं? हत्तीरोग कृमींमुळे होतो आणि या गोळ्या त्यांची रक्तात फिरणारी पिल्लं मारतात. लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ठाण मांडलेले मोठे कृमी पुरते मरत नाहीत, ते पाच-सात वर्षं जगतात.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने सागरगोट्याच्या बियांचा अर्क याच जातकुळीच्या कृमींवर प्राण्यांमध्ये वापरून पाहिला. परिणाम चांगला दिसला, 2008 साली अभ्यास छापूनही आला. आमच्या कुंपणाला सागरगोटे लगडलेत आणि त्यांची गोळी मात्र आजही नाही. माझं म्हणणं सरळ आहे: सरकारने अशा वनस्पतींवर पैसा लावावा. कंपन्या लावणार नाहीत, कारण हा रोग गरिबाचा आहे.

रसायनवाला:
ताई, आत्यांबद्दल वाईट वाटलं. पण मी तुमच्या विरोधात लिहितोय, आणि विचार करून लिहितोय. अकरा वर्षं मी वनस्पतींचे अर्क काढून कृमींवर तपासण्याचंच काम केलं.

काचेच्या बशीत कृमी मारणं सोपं आहे. अर्क पुरेसा दाट केला की कृमी वळवळायचा थांबतो. तेवढा दाटपणा माणसाच्या रक्तात आणायचा तर माणूस आधी आजारी पडेल. हळदीतलं कर्क्युमिन बघा, बशीत ते जवळपास प्रत्येक रोगावर चालतं आणि तोंडावाटे घेतलं की रक्तात जेमतेम उतरतं. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे हत्तीरोग बहुतांशी वुचेरेरिया या कृमीमुळे होतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत वाढतच नाही. म्हणून प्रयोग त्याच्या चुलतभावावर, ब्रुगियावर होतात. सागरगोट्याच्या प्रयोगांतही ब्रुगियाच होता, शिवाय उंदरांतला आणखी एक कृमी; वुचेरेरिया नव्हता.

मोठे कृमी मारण्याचा एक रस्ता सापडलेला आहे. या कृमींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने ते जिवाणू मेले की मादी वांझ होते आणि कृमी हळूहळू मरतो. पण चार ते सहा आठवडे रोज गोळी घ्यावी लागते, गरोदर बाईला आणि लहान मुलांना देता येत नाही. पैसा लावायचा तर हा कोर्स आठवड्यावर आणायला लावा.

वैद्य सातारकर:
रसायनवाले, तुम्ही अर्क काढलात तो कशात? मिथेनॉलमध्येच ना? ग्रंथात कुठे काढा सांगितलाय, कुठे स्वरस म्हणजे ताजा पिळलेला रस, कुठे चूर्ण. तो फरक उगीच नाही. चीनच्या तू यूयू यांचा गट चिंगहाओ वनस्पती उकळून पाहत होता, परिणाम कधी दिसे, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पोथीत त्यांना वाचायला मिळालं की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळावा आणि रस प्यावा. उकळायचा उल्लेखच नाही. त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं. त्याला 2015 चं नोबेल मिळालं.

आपला किरमाणी ओवा घ्या. त्यातलं सँटोनिन शंभर वर्षांहून जास्त काळ जगभर जंतांवर दिलं जात होतं. वावडिंग, पळसाचं बी यांच्याकडे त्या बारकाईने कुणी पाहिलंय का?

रसायनवाला:
सँटोनिन घेतल्यावर लोकांना सगळं पिवळं दिसायचं, वैद्यराज. जास्त सुरक्षित औषधं आली तेव्हा ते मागे पडलं, आणि ते योग्यच झालं. तू यूयूंच्या कामात दोन हजारांवर जुन्या औषधकृती तपासल्या, सुमारे दोनशे वनस्पतींचे 380 हून अधिक अर्क उंदरांवर पाहिले, त्यातून एक निघालं. तेही युद्धात सैनिक मलेरियाने मरत होते म्हणून अख्खं सरकार मागे उभं राहिलं तेव्हा.

वैनगंगाकाठ:
मग मी वेगळं काय मागतेय? सैनिकांसाठी सरकार उभं राहिलं, तसं धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईसाठी राहावं.

आशा कार्यकर्ती, विदर्भ:
मी फेरीत घरोघर जाते, म्हणून लिहिते. आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे द्यावं लागतं, म्हणून आधी माणूस पट्टीला उभा करायचा, मग गोळ्या हातावर ठेवायच्या आणि समोर गिळायला लावायच्या. एका आजोबांनी गोळी गालात धरली, मी वळताच अंगणात थुंकली. म्हणाले, बाई, तापाची कटकट नको, मी झाडपाल्याचं घेतो. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्यालाच बहुतेक वेळा गोळीने ताप-मळमळ होते, हे सांगून सांगून घसा बसतो. तुम्ही इथे "सागरगोट्याने कृमी मरतात" असं लिहिलंत की पुढच्या फेरीत तेच माझ्यासमोर येणार. गावातले निम्मे गोळी घेईनात तर डास रोग पसरवतच राहतील.

आणि नारू आठवा. सासरे सांगतात, पायातून हातभर किडा निघायचा, काडीला गुंडाळत बसायचे. त्याला औषध नव्हतंच, आजही नाही. विहिरींना कठडे बांधले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्याने गाळलं आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला.

वैनगंगाकाठ:
ताई, तुमचं म्हणणं लागलं मनाला. वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते: सागरगोटा घरी उगाळून कुणीही घेऊ नका. फेरीतली गोळी घ्याच.

पण नारूसारखं इथे पुरत नाही. रोग उद्या थांबला तरी आत्याचा पाय आहेच. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने शिकवल्याप्रमाणे मी रोज घमेल्यात तिचा पाय साबणाने धुते, जुन्या लुगड्याच्या फडक्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, चीर दिसली तर मलम लावते. ताप वर्षातून पाच-सहादा यायचा, आता एक-दोनदा येतो. सूज तेवढीच आहे.

रसायनवाले दादा, तुमच्या अकरा वर्षांत जे अर्क चालले नाहीत त्यांचं काय झालं? कुठे छापलेत का?

रसायनवाला:
नाही छापले. न चाललेलं कुणी छापत नाही. वह्या कपाटात आहेत.

मत माझं तेच आहे, आधी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स लहान करा. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी सोडलेला अर्क दुसरीकडे कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून काढत बसलं असेल. झाडाचं नाव, कोणता भाग, कोणत्या महिन्यात तोडला, कशात काढला आणि किती दाटपणाला काहीच झालं नाही, एवढी यादी मी करायला घेतो. वैद्यराज, स्वरस आणि काढ्याचा रकाना मी रिकामा ठेवतो. तो तुम्ही भरा.