चांगला मालक चांगला महापौर होतो का? टोलेडोचा सॅम्युएल जोन्स

रानवाट:
जोन्सला 'भला गृहस्थ' म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. वेल्समध्ये १८४६ साली जन्म, तिसऱ्या वर्षी अमेरिकेत, शाळा जेमतेम अडीच वर्षं. तेलविहिरींवर राबता राबता खोल विहिरींच्या पंपासाठी त्याने सुधारित धातूचा दांडा (सकर रॉड) शोधला आणि १८९४ मध्ये ओहायोतल्या टोलेडोत कारखाना काढला. मंदीचा काळ, कामासाठी माणसं दारोदार फिरत होती. याने नियमांची पाटी लावली नाही, भिंतीवर बायबलमधलं एकच वचन लावलं: लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. आठ तासांचा दिवस, भरपगारी सुट्टी. १८९७ मध्ये महापौर झाल्यावर पोलिसांचे दंडुके काढून हलक्या काठ्या दिल्या, मोफत बालवाड्या आणि मैदानं सुरू केली. कारभार म्हणूनही हे बरोबरच होतं.

जुना_खांब:
कारखान्यापुरतं मान्य. तिथे तो मालक होता, स्वतःच्या खिशातून देत होता. महापौराचं तसं नसतं. न्यायाधीश गैरहजर असला की पोलीस कोर्टात हाच बसायचा आणि भटक्यांना सरळ सोडून द्यायचा. गुत्ते बंद करा म्हणून धर्मोपदेशक मागे लागले, त्यांनाही दाद दिली नाही. आज सज्जनाने कायदा बाजूला ठेवला, उद्या दुर्जन ठेवेल. त्याला कुठल्या तोंडाने अडवणार?

रानवाट:
अहो, सोडलं कोणाला? घर नाही, काम नाही, एवढाच ज्यांचा गुन्हा त्यांना! पैसेवाला दंड भरून घरी जातो, कफल्लक तुरुंगात जातो. हा न्याय तुम्हाला चालतो का?

ओलीमाती:
माझी हरकत वेगळीच आहे. आठ तास कामगारांनी मिळवले नाहीत, मालकाने दिले. मालक बदलला की संपलं. हक्क आणि मेहेरबानी यांत मला फार मोठा फरक वाटतो.

रानवाट:
मुद्दा वजनदार आहे. पण जोन्स कामगार संघटनांच्या बाजूने होता, आणि शहराच्या सेवा शहराच्याच मालकीच्या असाव्यात असं उघड सांगत होता. म्हणूनच १८९९ मध्ये त्याच्या रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी नाकारली. अपक्ष उभा राहिला आणि सुमारे ७० टक्के मतं घेऊन आला. मेहेरबानीला एवढी मतं पडत नाहीत.

जुना_खांब:
मतं पडली म्हणून कायदा मोडायची मुभा मिळत नाही. त्याच वर्षी राज्यपालपदाला उभा राहिला, तिसरा आला. राज्यभरातल्या मतदारांनी त्याला निवडून दिलं नाही, हेही लिहा.

रानवाट:
लिहिते. आणि हेही लिहिते: १९०२ मध्ये राज्याने टोलेडोचं पोलीस खातं स्वतःच्या मंडळाकडे घ्यायचं ठरवलं, जोन्सने ताबा द्यायला नकार दिला आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो १९०४ मध्ये पदावर असतानाच गेला. पुढच्याच निवडणुकीत टोलेडोने त्याचा सहकारी ब्रँड व्हिटलॉकला निवडलं, तेही अपक्ष.

ओलीमाती:
व्हिटलॉक महापौर झाला, पण इतर कारखान्यांतल्या कामगारांच्या पदरात काय पडलं? ते सांगा, मग मी मानेन.